खाली दोऱ्याचं जाळं आणि जाड थरावर सुटणारे टाके: क्विल्ट, बॅग, बास्केट शिवताना पुन्हा पुन्हा छळणारी कटकट

वरून बघितलं तर टीप एकदम सरळ, आणि कापड उलटं केलं की खाली दोऱ्याचं हे एवढं जाळं. नाहीतर पिशवीचा पट्टा लावताना मशीन नुसतं धडधड करतं, कापड पुढे सरकत नाही आणि एकाच जागी टाक्यावर टाका चढून घट्ट गाठ बसते. नाहीतर मग साध्या कापडावर टीप छान येते पण तीन थर एकत्र आले की मधले मधले टाके गायब. गिफ्ट म्हणून काही शिवायला घेतलं की या तिन्हीपैकी एक तरी दुखणं गाठतंच, आणि वैताग असा की दुरुस्त केलं की थोडे दिवस बरं चालतं आणि पुढच्या वस्तूला परत तेच.

परत परत का येतं तर त्याला कारण आहे. उशीचा अभ्रा शिवताना मशीनसमोर दोन थर येतात आणि पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत दोनच राहतात. क्विल्ट, बॅग, कापडी बास्केट यांच्यात एकाच टिपेत दोन थरांवरून आठ थरांवर चढायचं आणि परत खाली उतरायचं असतं, मध्ये कापड ताठ करणारं बकरम असतं, फोम असतो, वॅडिंग (मधला फुगीर थर) असतं, कडेला झिप असते. त्यामुळे एकदा सेट केलं की झालं हा प्रकार इथे नाही. आणि दुसरं म्हणजे खाली गुंता दिसला की आपला हात पहिल्यांदा जातो बॉबिन केसच्या (खालच्या दोऱ्याची चकती, म्हणजे बॉबिन, बसते ती डबी) स्क्रूकडे, तिथे थोडं पिळलं की त्या दिवशी जमून जातं, पण मूळ कारण तसंच राहिलेलं असतं आणि वर बॉबिनचं टेन्शनही (दोऱ्यावरचा ताण) बिघडून ठेवलेलं असतं. माझं सरळ मत आहे, तो स्क्रू सगळ्यात शेवटी. त्याच्या आधी बघायच्या गोष्टी आहेत आणि नव्वद टक्के लोकांचं काम तिथेच होऊन जातं (नव्वद म्हणजे मोजलेले नाहीत हो, पण बहुतेकांचं).

आधी गुंता कुठल्या दोऱ्याचा आहे ते बघा

हे इतकं सोपं आहे तरी कोणी करत नाही. वर लाल दोरा लावा, बॉबिनमध्ये पांढरा, आणि जे शिवताय त्याच थरांचा एक तुकडा घेऊन बोटभर टीप मारा. तेच थर म्हणजे खरंच तेच, तेवढंच वॅडिंग, तेवढाच फोम, नुसत्या सुती कतरणीवर केलेली टेस्ट इथे काही कामाची नाही. आता तुकडा उलटा करा. खालचं जाळं लाल असेल तर दोष वरच्या दोऱ्याच्या वाटेत आहे, बॉबिनला हात लावायचा नाही. वरच्या बाजूला पांढरे ठिपके दिसत असतील तर वरचा दोरा जास्त घट्ट आहे किंवा बॉबिन सैल आहे. दोन्ही रंग आपापल्या बाजूला आणि तरी टाके सुटतायत, तर विषय टेन्शनचा नाहीच, सुईचा आहे.

खालचं जाळं लाल का निघतं ते एकदा समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं पटेल. सुई कापडातून खाली जाते आणि वर यायला लागते तेव्हा सुईच्या मागच्या बाजूला दोऱ्याचा छोटासा लूप फुगतो. प्लेटखाली फिरणाऱ्या हुकचं टोक त्या लूपमध्ये घुसतं, लूप मोठा करून बॉबिनला वळसा घालून आणतं, आणि मग वरचा तो वर-खाली नाचणारा टेक-अप लिव्हर जादाचा दोरा ओढून परत वर घेतो. आता वरच्या दोऱ्याला टेन्शनच्या तबकड्यांनी (दोरा ज्यांच्या मधून दाबून जातो त्या दोन चकत्या) धरलेलंच नसेल तर लिव्हरने ओढलं की दोरा खालून वर यायच्या ऐवजी रिळातून नवीन दोरा सुटून येतो, कारण तिकडून यायला सोपं. खालचा जादा दोरा खालीच राहतो. प्रत्येक टाक्याला असं. म्हणून जाळं खाली दिसतं आणि चूक असते वर. मशीन पायाचं जुनं काळं असो की बटणांचं कॉम्प्युटराइज्ड, टाका असाच बनतो, अमेरिकेच्या एलायस हाउने 1846 मध्ये ज्या मशीनचं पेटंट घेतलं त्यातही टोकाजवळ नेढं असलेली सुई आणि दुसरा दोरा नेणारं शटल हेच होतं.

दोरा फूट वर करूनच ओवायचा

प्रेशर फूट (कापड वरून दाबून धरणारा भाग) वर असताना तबकड्या उघडतात, खाली आलं की मिटतात. फूट खाली ठेवून दोरा ओवला तर तो तबकड्यांच्या आत बसतच नाही, कडेवरून जातो. दिसायला अगदी बरोबर ओवलेला दिसतो, म्हणून तर लक्षात येत नाही. तेव्हा पूर्ण दोरा काढा, फूट वर करा, हाताने चाक आपल्या दिशेने फिरवून टेक-अप लिव्हर सगळ्यात वर आणा आणि पहिल्यापासून ओवा. लिव्हर खाली लपलेला असताना ओवला तर दोरा त्याच्या नाकातून जायचाच राहतो, आणि मग गुंता असा होतो की दोन टाक्यांत मशीन जाम.

ओवून झालं की, सुईत ओवायच्या आधी, एक चाचणी करा. फूट वर ठेवून दोरा ओढा, सहज आला पाहिजे. फूट खाली करा आणि परत ओढा, आता हाताला स्पष्ट अडवणूक जाणवली पाहिजे. दोन्ही वेळा सारखाच आला तर दोरा तबकड्यांत नाही, किंवा तबकड्यांच्या मध्ये जुन्या दोऱ्याचा तुकडा नाहीतर लिंट (कापडाचे सुटे तंतू) अडकलंय. फूट वर करून एक जाडसर दोरा दुमडून त्या फटीतून मागे-पुढे फिरवला की बहुतेक वेळा निघून येतं. सुई, टाचणी असलं काही आत खुपसू नका, तबकडीवर ओरखडा आला तर तो दोरा कायमचा कापत राहील.

रिळाकडेही एक नजर टाका. आडव्या खिळ्यावर रीळ असेल आणि पुढची टोपी रिळापेक्षा बरीच लहान-मोठी असेल तर दोरा रिळाच्या खाचेत अडकतो किंवा खिळ्याभोवती गुंडाळला जातो, मग मध्येच टेन्शन एकदम वाढतं आणि परत सुटतं. टीप मध्येच आवळलेली, मध्येच सैल असं दिसत असेल तर आधी इथे बघा.

टिपेच्या फक्त सुरुवातीलाच गुंता होतो आणि पुढे सगळं ठीक चालतं असं असेल तर त्यात बिघाड काहीच नाही. दोन्ही दोऱ्यांची शेपटं चार-पाच इंच लांब ठेवून फुटाच्या मागे घ्या आणि पहिले तीन-चार टाके पडेपर्यंत बोटांनी धरून ठेवा. नाहीतर छोटी कतरण फुटाखाली घालून तिच्यावर टीप सुरू करा आणि न थांबता खऱ्या कापडावर जा, क्विल्टचे छोटे तुकडे जोडताना मी कायम असंच करते, त्याने तुकड्याचा कोपरा खालच्या, कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या भोकात ओढला जायचाही थांबतो.

सुई, सुई आणि सुई

टाके सुटण्याचं पहिलं कारण सुई, दुसरं कारण सुई, आणि तिसरंही. लोक मशीन बदलायला निघतात पण सुई बदलत नाहीत. टोक शाबूत आहे, मोडलेली नाही, म्हणजे चांगली आहे असं नसतं. सुई बोथट झाली की कापड भोसकायच्या ऐवजी खाली ढकलते, जराशी वाकलेली असली की हुकच्या टोकापासून लांब जाते, आणि हुकला लूप सापडलाच नाही की टाका सुटला. साधारण आठ तास शिवण झाली की बदलावी असं म्हणतात, पण फोम आणि कॅनव्हासवर त्याच्या कितीतरी आधी ती संपते. बोथट सुई कानाला कळते, कापडात जाताना टप टप असा आवाज येतो. मोठं गिफ्ट हातात घ्यायच्या आधी नवीन सुई, एवढा नियम ठेवलात तरी निम्मी कटकट गेली.

नंबरचं गणित सोपं आहे. पाकिटावर दोन आकडे असतात, 90/14 असे. पहिला आकडा म्हणजे सुईची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, म्हणजे 90 ची सुई 0.9 मिमी जाड. दुसरा त्याच जाडीचा जुना नंबर. क्विल्टचे सुती तुकडे जोडायला 80/12 पुरते. वॅडिंग घालून तिन्ही थर एकत्र शिवताना 90/14. कॅनव्हास, डेनिम, बकरम घातलेली बॅग असेल तर 100/16, आणि पट्ट्याच्या टोकाला जिथे थरावर थर येतात तिथे मशीनला चालत असेल तर 110/18. बारीक सुई जाड थरात वाकते, वाकली की फुटाखालच्या धातूच्या प्लेटवर आपटते, आणि मग एकतर मोडते नाहीतर प्लेटच्या भोकाला बारीक कुसर (धातूचा टोचणारा कंगोरा) पाडून ठेवते. ती कुसर पुढे महिनोन्महिने दोरा पिंजत राहते आणि आपण दोऱ्याला शिव्या घालतो. प्लेटच्या भोकाभोवती नायलॉनचा जुना मोजा फिरवून बघा, अडकला तर कुसर आहे, अगदी बारीक पॉलिश पेपरने घासून काढता येते.

सुई उलटी बसली असेल तर टाकाच पडत नाही, हे माहीत असतं सगळ्यांना. पण सुई अर्धवट खाली बसली असेल तर टाके मधले मधले सुटतात, आणि हे लवकर लक्षात येत नाही. सुई पूर्ण वर, अडेपर्यंत ढकलून मग स्क्रू आवळायचा. बाजू कशी ओळखायची तर सुईच्या एका अंगाला वरपासून नेढ्यापर्यंत लांब खोबण असते, दोरा ज्या बाजूने नेढ्यात घालता त्या बाजूला ती खोबण आली पाहिजे. हे बोटाच्या नखाने चाचपून कळतं, चष्मा शोधायची गरज नाही.

दोरा आणि सुईची जोडी जमते का बघायला, सुईत हातभर दोरा ओवा, दोन्ही टोकं ताणून तिरका धरा. सुई आपोआप घसरत खाली आली तर नेढं पुरेसं मोठं आहे. अडकत अडकत आली तर एक नंबर मोठी सुई घ्या. जाड सजावटीचा दोरा वापरायचा असेल तर मोठ्या नेढ्याची टॉपस्टिच सुई लावा आणि तो दोरा फक्त वर ठेवा, बॉबिनमध्ये साधाच. दोऱ्याच्या नंबरात आकडा वाढला की दोरा बारीक होतो, 50 नंबरपेक्षा 40 जाड, हे सुईच्या नंबरच्या उलटं आहे म्हणून गोंधळ होतो. आणि वर्षानुवर्षं डब्यात पडलेला रंग जुळतोय म्हणून काढलेला सुती दोरा, तो आधी हाताने तोडून बघा. कट्कन तुटला तर शिवायला घेऊच नका. बॅगच्या पट्ट्याला तर मी पॉलिस्टरच वापरते, वजन पडणारी जागा आहे ती.

फ्युजिंग केलेल्या (इस्त्रीने गोंदाचा थर चिकटवलेल्या) कापडावर टाके सुटत असतील तर आणखी एक कारण असतं, गोंद. इस्त्री करून गरम असतानाच शिवायला घेतलं की सुईला चिकटा बसतो, दोरा सुईवरून सरकत नाही, लूप फुगत नाही. कापड पूर्ण गार होऊ द्या, आणि सुई मध्ये मध्ये स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. मशीन बंद करून, अर्थातच.

बॉबिन

इथे जास्त लिहिण्यासारखं नाही. तुमच्या मशीनचीच बॉबिन हवी, दिसायला सारखी असलेली थोडी कमी उंचीची बॉबिन आत नाचते आणि टीप वेडीवाकडी येते. दोरा भरताना सैल, एका बाजूला फुगलेला भरला असेल तर तो काढून परत भरा, जुन्या दोऱ्यावरच दुसरा रंग भरणं हा आळस महागात पडतो. बॉबिन वरून टाकायची असेल तर बहुतेक मशीनमध्ये दोरा घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो, पण स्वतःच्या मशीनच्या पुस्तकात बघून घ्या. केसच्या पत्र्याच्या पट्टीखाली दोरा गेलाय ना, एवढं बघितलं की पुढे चला. पट्टीखाली लिंटचा छोटासा पुंजका अडकला तरी खालचं टेन्शन शून्य होतं, कागदाचा कोपरा त्या फटीत सरकवून साफ होतो.

क्विल्ट शिवताना

क्विल्टचं खरं दुखणं म्हणजे वजन. मोठी गोधडी टेबलावरून खाली लोंबते, ते वजन कापडाला मागे ओढतं, कापड सुईला ओढतं, सुई वाकते. आणि आपल्याला वाटतं मशीनला जाड कापड झेपत नाही. डाव्या हाताला आणि मागे टेबल, खुर्ची, इस्त्रीचं टेबल, जे असेल ते लावा, फुटासमोर कापड सैल पडून राहिलं पाहिजे. आणि मागून ओढू नका, कितीही मोह झाला तरी. कापड पुढे न्यायचं काम दात्यांचं आहे, तुमचा हात फक्त दिशा दाखवायला.

वॅडिंग फार फुगीर असेल तर सुई वर येताना कापडही सुईबरोबर वर उचललं जातं, त्यामुळे लूप नीट फुगत नाही आणि टाका सुटतो. अशा वेळी फुटाचा दाब थोडा वाढवा, सुई एक नंबर मोठी घ्या. उलट, वरचं कापड फुटापुढे लाटेसारखं जमा होत असेल आणि मागच्या बाजूला चुण्या पडत असतील तर दाब कमी करा आणि वॉकिंग फूट लावा, ते वरच्या थरालाही खालच्या दात्यांच्या बरोबरीने पुढे नेतं. एकच अॅक्सेसरी घ्यायची असेल तर हीच घ्या, बाकीचे डझनभर फूट डब्यात पडून राहतात. टाका 2.5 ते 3 मिमी ठेवा, जाड थरात बारीक टाके म्हणजे नुसती भोकंच भोकं. आणि तिन्ही थर एकमेकांना नीट टाचलेले हवेत, सेफ्टी पिना मुठीच्या अंतरावर, नाहीतर लांब लांब कच्चे टाके. टाचण्यात वेळ वाचवला तर झोळ येतो, आणि झोळ सरळ करायला आपण कापड ओढतो, की परत सुईची कहाणी.

फ्री-मोशनमध्ये (दात्यांऐवजी हातानेच कापड हवं तसं फिरवत शिवताना) एक सापळा आहे ज्यात भले भले सापडतात. ते उड्या मारणारं फूट खाली केलं तरी कापडाला पूर्ण टेकत नाही, त्यामुळे फूट वर-खाली करणारा लिव्हर (टेक-अपचा नव्हे) खाली करायचाच आपण विसरतो. फूट खाली आहे असं वाटत असतं, पण तबकड्या उघड्याच असतात, आणि उलटं केलं की सगळीकडे जाळं. सुरू करायच्या आधी लिव्हरला हात लावून खात्री करा. लिव्हर खाली असूनही फक्त वळणांवर मागे दोऱ्याच्या पापण्यांसारख्या रेघा येत असतील तर तिथे तुमचा हात मशीनपेक्षा पळतोय. वळणावर हात हळू करा, मशीनचा वेग तोच ठेवा. तरी राहिल्या तर वरचं टेन्शन अर्ध्या आकड्याने वाढवा.

बॅग आणि पट्टे

जाड शिवणीच्या तोंडाशी मशीन अडतं, टाक्यावर टाका पडतो आणि गाठ होते. कारण असं की फुटाचा पुढचा भाग जाड थरावर चढतो, मागचा भाग हवेत राहतो, फूट तिरकं होतं आणि दाते कापडाला पकडूच शकत नाहीत. फूट सपाट केलं की प्रश्न संपला. चढताना फुटाच्या मागच्या बाजूखाली तेवढ्याच जाडीची कापडाची किंवा पुठ्ठ्याची घडी सरकवा, उतरताना तीच घडी पुढच्या बाजूखाली. बऱ्याच मशीनच्या फुटाला बाजूला छोटं काळं बटण असतं, फूट वर उचलून आडवं धरून ते दाबलं आणि तसंच फूट खाली आणलं की फूट सपाट अवस्थेत लॉक होतं, दोन-चार टाके पुढे गेले की आपोआप सुटतं. ते बटण कशासाठी आहे हे वर्षानुवर्षं मशीन वापरणाऱ्यांनाही माहीत नसतं.

आणि ती चार-पाच टाक्यांची जागा मोटरवर मारूच नका. चाक हाताने फिरवा, एकेक टाका. आणखी एक, शिवायच्या आधी ती जाड जागा कापडात गुंडाळून हातोडीने हलकेच ठोका, थर दबून बसतात आणि सुईला मार्ग मिळतो. शेजारच्यांची झोपमोड होणार नाही अशा वेळी.

खरा उपाय मात्र कापतानाच करायचा असतो. फोम आणि वॅडिंग शिवणीच्या आत घ्यायचंच नाही, शिवणीची जागा सोडून तेवढं लहान कापायचं, किंवा शिवून झाल्यावर टिपेच्या अगदी लगत कातरून टाकायचं. बकरम जाड असेल तर तेही. मग आतले थर एकाच ठिकाणी न संपवता पायरी-पायरीने कातरायचे, एक जरा जास्त, एक कमी. असं केलं की जिथे आठ थर येणार होते तिथे चार-पाच राहतात आणि घरगुती मशीन ते आरामात घेतं. ज्या बॅगा 'माझ्या मशीनला झेपत नाहीत' त्यातल्या बहुतेक झेपतात, फोम शिवणीत गेलेला असतो एवढंच.

पट्टा पक्का करायला चौकोन आणि त्यात फुली मारतो ना, त्याची सुरुवात कडेवरून करू नका. कडेपासून थोडं आत सुरू करा, मागे जा, मग पुढे या. कडेवरच सुरू केलं की सुई दोरा खाली खेचून नेते. टाका 3 ते 3.5 मिमी. दहा वेळा मागे-पुढे करून 'मजबूत' करायची सवय असेल तर सोडा, एकाच जागी इतकी भोकं पडली की कापड तिथेच फाटतं. झिपच्या टोकाला धातूचे दाते शिवणीत येत असतील तर पक्कडीने आधी काढून टाका. नायलॉनच्या झिपवरून जाता येतं, तेही चाक हाताने फिरवत.

बास्केट

शिवलेल्या बास्केटमध्ये भांडण होतं ते गोल तळाशी आणि वरच्या काठाशी. गोल तळ लावताना सरळ भिंतीच्या कापडाच्या कडेला कात्रीने थोड्या थोड्या अंतरावर छोटे काप द्या, टिपेपर्यंत नाही, त्याच्या अलीकडेच थांबा. मग भिंत वर आणि गोल तळ खाली असं ठेवून शिवा, चुण्या समोर दिसत राहतात आणि बोटाने सारख्या करता येतात. टाचण्यांऐवजी क्लिपा वापरा, फोममध्ये टाचणी घातली की थर सरकतात. वरच्या काठावर बाहेरचं कापड, अस्तर, दोन्हीच्या शिवणी आणि हँडल एकाच जागी येतात, तिथे बाहेरची शिवण एका बाजूला आणि अस्तराची शिवण विरुद्ध बाजूला दुमडली की डोंगर अर्ध्या उंचीचा होतो. काठाची शेवटची टीप मारताना जी बाजू लोकांना दिसणार ती वर ठेवा.

सुती दोरखंड गुंडाळून झिगझॅगने शिवलेल्या बास्केटची तऱ्हा वेगळी. तिथे टाका सुटतो कारण सुई दोन दोरांच्या मधल्या फटीत पडते आणि काहीच न पकडता वर येते. 6 मिमीचा दोर असेल तर झिगझॅगची रुंदी 5 च्या आसपास ठेवा, दोन्ही दोर फुटाच्या मध्यभागी येऊन एकमेकांना चिकटलेले राहतील असे बोटाने दाबत जा, सुई 100/16. डावीकडचा टाका एका दोरात आणि उजवीकडचा दुसऱ्यात गेलाच पाहिजे, सुरुवातीला चाक हाताने फिरवून बघून घ्या. भिंत उभी करताना तळ मशीनच्या अंगाला टेकवून तिरका धरावा लागतो, तो एकाच कोनात धरला नाही तर बास्केट एका बाजूला कलते. पण कललेली बास्केटही छान दिसते हो, तो काही बिघाड नाही.

आता टेन्शन

वरचं सगळं बघून झालं, तरी टेस्टच्या तुकड्यावर रंग चुकीच्या बाजूला दिसतोय, तर आता वरची डायल. नॉर्मल बहुतेक ठिकाणी 4 च्या आसपास असतं. खाली लाल दिसतोय तर अर्ध्या आकड्याने वाढवा, वर पांढरा दिसतोय तर कमी करा, प्रत्येक वेळी नवीन टीप मारून बघा. दोन्ही दोऱ्यांची गाठ थरांच्या मधोमध लपली पाहिजे, क्विल्टमध्ये वॅडिंग असल्यामुळे ती लपायला भरपूर जागा असते, म्हणजे इथे टेन्शनच्या बाबतीत उलट सूट मिळते. आकडा 7-8 वर नेऊनही फरक पडत नसेल तर थांबा, दोरा तबकड्यांत नाहीये, मागे जाऊन परत ओवा.

बॉबिन केसच्या स्क्रूला हात लावायची वेळ खरंच आली, तर आधी मार्करने स्क्रूच्या खाचेची जागा केसवर खूण करून ठेवा. मग अगदी किंचित फिरवा, पाव फेरासुद्धा खूप झाला. केस बाहेर निघणारी असेल तर दोऱ्याला धरून लोंबकळत ठेवा. नुसती धरली तर जागेवर राहिली पाहिजे, हात हलका झटकला की इंचभर घसरून थांबली पाहिजे. धडाधड खाली आली तर सैल, हललीच नाही तर घट्ट.

सफाईचं विसरू नका. सुती वॅडिंग इतकी लिंट सोडतं की एका मोठ्या क्विल्टनंतर दात्यांच्या खाली नमद्यासारखा थर साचतो, त्याने कापड पुढे सरकणं मंदावतं. प्लेट काढा, ब्रशने बाहेर ओढा, तोंडाने फुंकू नका, लिंट आत जातं आणि वर ओलावाही. मशीनला तेल चालत असेल तर मशीनचंच तेल, हुकच्या जागी एक थेंब, आणि मग फडक्यावर थोडं शिवून मगच गिफ्टचं कापड घ्या.

गुंता झालाच आहे, आता काय

ओढू नका. फूट वर करा, चाक हाताने फिरवून सुई वर आणा, फिरत नसेल तर किंचित मागे-पुढे हलवून सैल करा. वरचा दोरा सुईजवळ कापा. कापड जेवढं उचलता येईल तेवढं उचलून प्लेट आणि कापडाच्या मध्ये बारीक कात्री घालून दोरे कापा, मग प्लेटचे स्क्रू काढून आतले तुकडे चिमट्याने वेचा. एक जरी तुकडा हुकच्या खोबणीत राहिला तरी पुढचा गुंता ठरलेला.

आणि मग ती टीप पूर्ण उसवा. जाळं नुसतं कात्रीने साफ करून वरून अस्तर लावून झाकायचा मोह होतो, विशेषतः गिफ्ट उद्या द्यायचं असलं की, पण जाळं पडलेल्या जागी खालचा टाका वरच्याला घट्ट धरून नसतोच, जादा दोरा कापला की उरलेले टाके सुटायला मोकळे. घेणारा माणूस ती बॅग भरून उचलणार, ती क्विल्ट मशीनमध्ये धुणार. दोन्ही बाजूंना चांगल्या टिपेपर्यंत उसवून, आधीच्या टाक्यांवर इंचभर चढवून नव्याने शिवा.

सुई नवी, दोरा परत ओवलेला, बॉबिन बरोबर, लिंट साफ, आणि साध्या दोन थरांवरसुद्धा टाके सुटतायत, तर मग हुक आणि सुईचं टायमिंग हललं असण्याची शक्यता आहे. सुई जोरात आपटून मोडली असेल तर हे होतं. हे घरी उघडून बसू नका, मेकॅनिककडे द्या. फक्त देताना नुसतं 'टाके सुटतात' सांगू नका, ज्या थरांवर सुटतात त्यांचा वीतभर तुकडा, तोच दोरा आणि तीच सुई बरोबर द्या, कारण तो तिथे साध्या कापडावर टीप मारून दाखवतो, ती छान येते, आणि घरी आणलं की पट्ट्याशी परत तेच.